नऊ, दोन, तीन, आठ

व्हर्लिन हॅस्केटनं विकला तेव्हा ट्रेलर म्हणजे नुसता पाट होता.
पाच बाय आठ, खाली दोन चाकं, कडेनं चौकोनी खोबण्या.
बाजू नाहीतच.
"बाजू ज्याच्या त्यानं करायच्या," म्हणाला
आणि पैसे न मोजता खिशात घातले.

ह्यांचं म्हणणं, विकत आणू.
मी म्हटलं, बघू.
मारिएटात ऑक्टोबर म्हणजे पाचोळाच पाचोळा,
मेपलचा एक ढीग उचलावा तर मागे दुसरा तयार,
आणि उघड्या ट्रेलरवर घातलेला
अर्धाअधिक मागच्या गाडीच्या काचेवर.

लाकडाच्या दुकानातून दोन बाय चार आणलं.
घरी टेप लावली, दीड बाय साडेतीन.
पुन्हा लावली. दीड बाय साडेतीन.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
पावती घेऊन भांडायला निघाले
तर व्हर्लिननं कुंपणाशीच अडवलं:
हे अख्ख्या देशाला माहीत आहे, कुणी भांडत नाही.

खोबणीत बसेपर्यंत खुंट तासले.
असे घट्ट बसले की मी स्वतःवरच खूश.
रात्री पाऊस. सकाळी खुंट फुगलेले,
खालून हातोडा घातला तरी हलेनात.
व्हर्लिननं खिशातली आगकाडी काढली,
खुंट आणि लोखंडाच्या मध्ये धरली.
बोलला काहीच नाही.
एवढी फट.

फट ठेवली तर वाजायला लागल्या.
नदीकाठच्या रस्त्यानं जाताना
जणू कुणी भांड्यांची मांडणी घेऊन पळतंय.
सायकलची जुनी ट्यूब कापून खोबणीत चिकटवली तेव्हा जरा गप्प झाल्या.

आठ फुटांची बाजू एकटीनं काढायची
तर एक टोक माझ्या हातात
आणि दुसरं दर वेळी फ्रीझरवर आपटणार.
मधोमध कापली.
चांगली अखंड फळी. करवत टेकवताना पोटात खड्डाच पडला.
तीन बिजागऱ्या, एक कडी,
उघडल्यावर कंबरेत वाकू नये म्हणून मागून सरकता अडसर.
आता मिटते. काखेत मारून नेता येते,
कपड्यांच्या मशीनशेजारी खुंटीला टांगता येते.

चारींवर आकडे घातले, पांढऱ्या रंगात.
विचार केला नाही, हात गेला तसा गेला:
१, २, ३, ४.

बार्शीला अण्णांचं दुकान होतं.
खिळे, दोर, पत्रा, कुलपं.
रात्री आठला अकरा फळ्या लावायच्या,
खोबणीतून एकेक सरकवत, पहिलीपासून.
सातवी चुकून सहावीच्या जागी गेली
की शेवटची बाहेर उभी, आणि सगळं पुन्हा.
आकडे अण्णांच्या हातचे. त्यांच्या चारचं पोट मोठं असायचं.
माझ्याही चारचं मोठंच आलं.

नोव्हेंबरात व्हर्लिननं ट्रेलर मागितला,
पार्कर्सबर्गहून मुलीचा जुना सोफा आणायचा होता.
गॅरेजची किल्ली दिली.
थोड्या वेळानं दारात उभा, टोपी मागे सारून.
"नऊ आहे," म्हणाला. "दोन, तीन, आठ.
सगळं गॅरेज पालथं घातलं.
बाकीच्या कुठं ठेवल्यास?"

मला आधी कळेचना.
मग जाऊन त्याच्या जागी उभी राहिले
आणि पाहिलं तर खरंच, नऊ.
इतकी वर्षं एकच समजत होते मी त्याला.

"बाकीच्या बार्शीला," मी म्हटलं.
"लांब आहे?"
"आहे जरा."
त्यानं मान हलवली
आणि चारच घेऊन गेला.

सोफा नीट आला.
आकडे त्यानं पुसले नाहीत, मीही नाही.
फक्त मागच्या फळीला आता आम्ही आठ म्हणतो.
काल कुंपणावरून हाक आली,
आठची कडी सैल झाली आहे, बघ.
मी पाना घेऊन निघाले.
ह्यांनी खिडकीतून विचारलं,
आठ? कुठली आठ?