उद्या: घमेलं

माझ्या टपरीशेजारी भिंतीला एक फळा आहे.
फळा माझा नाही, भिंत ग्रामपंचायतीची,
खडू तेवढे माझ्याकडं,
बिस्किटांच्या बरणीमागं.

आदगोंडा बिरनाळे, मार्केट यार्डातले तोलाईदार.
रिटायर झाले, हात रिकामा राहवेना,
तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला
तारीख, तिथी,
मधोमध एक शब्द, त्याखाली दोन ओळी,
आणि अगदी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात
उद्या: अमुक.

हरिपुरात हळदीची पेवं भरत होती तोवर
पेव कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.
अण्णांनी लिहिलं:
पेव. जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं.
आत उतरायच्या आधी कंदील सोडत.
कंदील विझला, तर माणूस सोडत नसत.
क्लासला निघालेली पोरं सायकलवरूनच म्हणाली,
आयला, आम्हाला वाटलं पेव नुसतं फुटतंय.

तारांबळ लिहिली, ताराबलं चंद्रबलं म्हणताना
मांडवात उडते तीच ही, असं.
बाळक्का म्हणाली, माझ्या लग्नात
भटजी जागेवर होता, आचारी पळाला.
तो कुठल्या शब्दात गेला, ते लिवा की.

एकदा हमाल लिहिला.
अरबी. वाहणारा.
पोटात वाहिलेल्या पोराचा शब्दही याच मुळातला.
शमशाद मुलाणी हळद निवडायला चालली होती, थांबली.
शेजारणीकडून वाचून घेतलं, परत एकदा वाचून घेतलं.
मग यार्डातला बिल्ला, म्हणाली,
आधी आम्हाला द्याय पायजे हुता.
त्या दिवशी तिच्या चहाचे पैसे
तिनं दिले नाहीत, मी मागितले नाहीत.

अण्णा चुकायचेही.
एका महिन्यात अमावस्या एक दिवस आधीच लावली,
दोघांनी ट्रॅक्टरची डिलिव्हरी पुढं ढकलली.
दुसऱ्या दिवशी शब्दाच्या जागी एवढंच:
कालची अमावस्या आज आहे. माफी.

महापुरात फळा अर्धा बुडाला.
तारीख कोरडी राहिली, शब्द वाहून गेला.
पाणी उतरल्यावर अण्णा आले,
खडू मागितला नाही,
गाळावर बोटानंच लिहिलं: इथवर.
ते मी कितीतरी दिवस पुसू दिलं नाही.
शेवटी वाळून आपोआप पडलं.

यंदा संक्रांतीनंतर त्यांना मिरजेला नेलं.
फळ्यावर शब्द होता तारीख,
अरबीत इतिहासालाही हेच म्हणतात, वगैरे,
आणि कोपऱ्यात
उद्या: घमेलं.

एक दिवस गेला. चार गेले.
घमेल्याचं काय असेल?
घमघम वाजतंय म्हणून घमेलं, बाळक्का म्हणाली.
गवंडी म्हणाला, घाम गाळायचं भांडं ते, घामेलं.
कुणी म्हणालं कानडी,
आपल्याकडं सापडंना ते कानडीच असतंय.
पोरांनी मोबाईलवर बघितलं, बघून सांगितलं नाही,
म्हणाली, अण्णांनाच लिहू दे.
अकराव्या दिवशी त्यांचा मुलगा दूध न्यायला आला.
नळ्या आहेत नाकात, म्हणाला, बोलवत नाही,
पण काल खुणेनं विचारलं,
ते घमेल्याचं कुणी लिवलं का?

रात्री टपरी बंद करून
मी बरणीमागचा खडू काढला.
चौथीनंतर फळ्यासमोर उभा राहिलो नव्हतो.
उधारीच्या वहीत लिहितो ते अक्षर वेगळं,
तिथं कुणी वाचत नाही, मीच मागतो.
लिहिलं:
घमेलं. पोर्तूगिज. आपली चावी आणि पगारही त्यांचेच.
ओळ उजवीकडं घसरत गेली.
हात पुसले, तरी बोटांना पांढरं राहिलं,
घरी बायको म्हणाली, पीठ कसलं ओ?

सकाळी बघतो तर
तू ऱ्हस्व केलेला, गि दीर्घ,
थुंकी लावून पुसल्याचा डाग दोन्हीकडं.
शाळेच्या पोरींपैकी असेल, नाहीतर शमशादची शेजारीण.
विचारलं नाही.

कोपऱ्यात त्याच हातानं
उद्या:
एवढंच, पुढं काही नाही.
दूध उतू जाईपर्यंत मी तिथंच बघत होतो.