पंधरा ग्रॅम

हिरव्या बनातीवर दोन पिस्तुलं,
सख्ख्या बहिणींसारखी.
नळीची लांबी तीच, हवेची टाकी तीच,
दोघींचं जग दहा मीटरांत संपणारं.
एक नऊशे साठ ग्रॅम, दुसरी नऊशे पंच्याऐंशी.
पंचवीस ग्रॅमनं काय होतंय, म्हणाल.
मी सांगलीच्या मार्केट यार्डातली पोर, मला विचारा:
राजापुरी हळकुंडं मोजून चार,
आणि चारांवरून झालेली भांडणं मी पाहिलीत.

शिरगुप्पे सर म्हणाले, कॅटलॉग मीट. डोळेही मीट.
उचल. थांब. आता उघड.
माशी खाचेत आपसूक बसलेली दिसली
तर ती तुझी.
सरकलेली दिसली तर तू तिची,
जन्मभर मनगट मुरडत बसशील.

विश्रामबागेतला लांबट हॉल,
पंखा बंद, कारण वाऱ्यानं कागद हलतो.
मी डोळे मिटले, उचललं, उघडले.
बसली.
दुसरं उचललं.
तीही बसली.
सर हसले. मग आता बोटाला विचार.

बोट मला आप्पांकडून आलंय.
नेमगोंडा अडत्याचं बोट. रुमालाखाली
दुसऱ्याच्या पंजाशी बोलायचं,
वर चेहरा मात्र धुतलेल्या पाटीसारखा कोरा.
एकदा दाबलं की सौदा झाला, म्हणायचे,
दाबायच्या आधी काय तो विचार.

नवीनं साठ गोळ्यांत पाचशे अठ्ठेचाळीस दिले.
जुनीनं पाचशे एक्केचाळीस.
आकडा बघ की गं, सर म्हणाले, आकडा खोटं बोलत नाही.
खरंय.
पण नवी माझ्या 'हो'च्या आधी हो म्हणते.
घोडा अजून भिंतीला टेकतोय न टेकतोय
तोवर कागदाला भोक.
भोक चांगल्या जागी असतं, ते वेगळं.

जुनीशी मी अकरा वेळा भिंतीपर्यंत गेले
आणि परत आले.
हात खाली. श्वास. पाण्याची बाटली.
पुन्हा वर.
सरांनी ते वहीत वेगळ्या रकान्यात लिहिलं,
ज्याला मथळा नव्हता.

ही आधी सुप्रभा निकमची, इस्लामपूरची.
ती तलाठी झाली. सराव सुटला.
मुठीच्या अक्रोडात तिचा तळवा अजून आहे,
अंगठा माझ्याहून पेरभर लांब.
म्हणून बस धरून मिरजेला गेले, दस्तगीरभाईंकडे,
जिथे भोपळे छताला टांगलेले
आणि लाकडाचा भुसा चहावर तरंगतो.
ते सतारीची घोडी घासत होते.
मूठ हातात फिरवली, माझा हात मागितला,
तळव्यावर खडूनं तीन खुणा केल्या.
आमचे पणजोबा तलवारी पाजळायचे, म्हणाले,
मग राजानं तंबोरा दुरुस्तीला दिला, आणि सुटलो.
आता तू हे घेऊन आलीस.
कानस थांबवून विचारलं: वाजते कशी?
फुस्स, मी म्हणाले.
बरं, म्हणाले. आणि पुन्हा घासायला लागले.

पैसे नव्या पिस्तुलाच्या निम्मे लागले.
हे कारण मी सगळ्यांना सांगते, ते सोपं आहे.

आमचं घर दिवस असताना जेवतं,
मुंगीची रांग दिसली की वळसा घालतं.
आईनं पेटी उघडताना बघितलं, जवळ आली नाही.
कागदालाच ना?
कागदालाच.
आणि चुकलं तर?
तरी कागदालाच.
मग पदराला हात पुसून तिनं ते उचललं,
दोन्ही हातांनी, तान्ह्याला उचलावं तसं,
आणि सरळ दुकानात नेऊन
हळदीनं पिवळ्या पडलेल्या काट्यावर ठेवलं.
चष्मा वर केला. आकडा स्थिर होईपर्यंत थांबली.
किलोला पंधरा ग्रॅम कमी, म्हणाली.
फसवलं की गं तुला.