एक ते चार

तापकीर गल्लीत पंख्याचा आवाज ऐकायचा
म्हणजे मंडईत उभं राहून घड्याळाची टिकटिक मोजायची.
मुनोतकाकांनी तरी तीन पंखे काढून ठेवले.
मी पहिल्याला कान लावला. त्यातून आला
एक टेम्पो, एक हॉर्न, आणि
"वायर कितीला मीटर?"

"गेमिंगचं मशीन म्हटलं की घोंघावणारच," काका म्हणाले.
"पोरं दिवे मागतात, सात रंगांचे.
तुम्ही नक्की काय मागताय, मॅडम?"

शांतता मागत होते.
दीड खोलीच्या मापाची.
धायरीला माझ्या टेबलापासून आईची उशी साडेतीन फुटांवर,
पहाटे चारला तिचा गजर, पाचला डेपो,
गळ्यात तिकिटांचं मशीन.
आणि जुना कॉम्प्युटर रात्रभर
चढाला लागलेल्या बससारखा.

वहीत तीन रकाने होते: किंमत, वेग, आवाज.
तिसऱ्यापायी पहिल्या दोघांची ओढाताण.
प्रोसेसर एक पायरी खालचा, कमी तापतो म्हणून.
ग्राफिक कार्ड तीन पंख्यांचं, तिघं मिळून सावकाश फिरतील म्हणून.
पण ते लांब. स्वस्तातल्या केबिनेटात आठ मिलिमीटर बसेना.
म्हणून केबिनेट महाग,
म्हणून रॅम निम्मी,
म्हणून लॅबमधल्या दोन रविवारांच्या जादा ड्यूट्या
आधीच खर्ची पडलेल्या.

एक वाजला. काकांनी शटर अर्धं ओढलं.
"आता चारला या."
म्हटलं, काका, पूर्ण ओढा. मी आतच थांबते. दहा मिनिटं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.
शटर खाली आलं
आणि गल्ली बाहेर राहिली.

पहिला पंखा खरखरला.
दुसरा गुणी, पण वेग वाढवला की शिट्टी.
तिसरा लावला तर काकाच म्हणाले, "लागला नाही वाटतं,"
आणि बोट पुढे केलं.
पात्यानं त्यांच्या नखावर टकटक केलं.
आम्ही हसलो ते फारच मोठ्यांदा झालं.

मग त्यांनी मान तिरकी केली.
"हे दुसरं काय वाजतंय?"
माळ्यावरचा स्टॅबिलायझर गुणगुणत होता.
"अठ्ठावीस वर्षं झाली दुकानाला.
हा कधीपासून?"
डबा उघडला. अर्धा ठेपला मला दिला.
बिलात रबराच्या खुंट्या धरल्या नाहीत.

गुरुवारी रात्री जोडणी.
आधी स्क्रीन काळीच. केबल बोर्डात खोचलेली, कार्डात नाही.
मग लागलं.
म्हणजे लागलं असावं;
आवाजावरून कळायला मार्ग नव्हता.

साडेअकराला आई उठून बसली.
"बंद पडलं का गं?"
"नाही. चालू आहे."
"मग झोप कशानं मोडली माझी?"

पाणी प्यायली. कूस बदलली. परत उठली.
बावीस वर्षं कात्रज-निगडी,
शेवटच्या फेरीला इंजिनाशेजारी बसून
डुलकी काढणारी बाई.

मी वहीतला तिसरा रकाना पुन्हा वाचला.
मग पंख्यांचा वेग चाळीसवरून साठवर नेला,
साठवरून पंच्याहत्तरवर.
खोली हळूहळू चढाला लागली.
आईचं तोंड किंचित उघडलं,
हात उशीखालून सुटून खाली लोंबला.

मी हेडफोन घातले.