काळी तीन

फ्लावियाने गाडीचं मागचं दार उघडलं, म्हणाली,
हात लावा जरा, जड आहे.
होतंच. लाकडी कडा, पितळी कोपरे,
झाकणावर दारूच्या पेल्यांची दोन वर्तुळं
एकमेकांत अडकलेली.
तिच्या वडिलांचं मशीन, एर्मेतेचं.
ओसिमो ते लोरेतो एक लग्न सोडलं नाही म्हणे त्याने.
आता विकायचंय. बोलोन्याचा कुणी घेतोय,
चालू असेल तर.

मी पट्ट्या दाबत गेलो डावीकडून.
पांढरी, काळी, पांढरी. काळी तीनला
काहीच नाही.
पुढच्या सप्तकात तेच, त्याच्या पुढच्यातही.
चार सप्तकांत चार काळी तीन
एकमताने गप्प.

कधीपासून? विचारलं.
मी जन्मले त्याच्या आधीपासून, म्हणाली,
आणि गाडी चालू केली.

झाकण काढलं तेव्हा आतून सिगारेट,
जुनी धूळ आणि तापलेल्या मेणाचा वास आला.
पट्ट्यांखालचा फोम डांबर झालेला.
एक केसांची पिन. आणि तांदूळ,
नवरानवरीवर उधळलेले, मूठभर तरी,
दाणा न् दाणा पिवळा पडलेला.
ते मी बशीत काढून ठेवले. का, ते विचारू नका.

पंधरा व्होल्ट हवे तिथे अकरा.
कपॅसिटर फुगलेले, दोन तर गळत होते.
तीन संध्याकाळी ते बदलण्यात गेल्या.
आवाज खुलला, घरघर गेली,
काळी तीन मुकीच.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला:
आणि डाग देणारा मी, हातात तापलेली सळई घेऊन
चाळीस वर्षांचा अनुभवी.

मग रीतसर बसलो.
या जातीच्या यंत्रात वर एकच झरा असतो,
एका चिपमधून बारा पाट फुटतात,
खाली येताना दर सप्तकाला निम्मे होत जातात.
खाली कुठेच पाणी नसेल तर
खाली खणू नये.
स्कोपची सुई एकेका पायावर टेकवली.
अकरा पायांवर हिरवे दात, नीट विंचरलेले.
बाराव्यावर आडवी रेघ.

बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेला माझा बिस्किटांचा डबा:
त्यात तशीच एक चिप निघाली.
सोळा पाय, एक वाकडा.
श्वास रोखून बसवली. बाहेर गार्बीनो सुटला होता,
त्या गरम वाऱ्यात गावातलं प्रत्येक वाद्य बेसूर होतं
आणि प्रत्येक बायको खरं बोलते.
काळी तीन दाबली.
वाजली.
दुकानात मी एकटा, तरी मागे वळून पाहिलं.

शनिवारी ती आली. वाजवून बघा, म्हटलं.
कोट न काढताच बसली,
वडिलांचा वॉल्ट्झ, जी मेजरमधला.
त्यात काळी तीन म्हणजे उंबऱ्यावरचा स्वर,
तिथे पाय ठेवल्याशिवाय घरात जाता येत नाही.
तिचं बोट तिथवर आलं
आणि उडी मारून पलीकडे गेलं.
प्रत्येक वेळी. जिथे खड्डा होता
तिथे आता रस्ता होता, आणि ती
खड्डा चुकवत चालली होती.

तिच्याही लक्षात आलं. थांबली.
बाबांना वाटायचं, ती म्हणाली, ही चाल अशीच आहे.
मग एका बोटाने, कुणाच्या तरी दारावर
टकटक करावी तसा
तो एकच स्वर वाजवत राहिली.

एकशे साठ युरो. जुनी चिप मागितली तिने,
मी कागदात बांधून दिली. तांदळाचं बोललो नाही.

महिन्याने फोन: मशीनमधून गुणगुण येतेय.
गेलो. स्वयंपाकघरात, खिडकीशी मांडलेलं.
पाच मिनिटं ऐकलं,
मग फ्रिजचा प्लग काढला.
गुणगुण थांबली.
बोलोन्याच्या माणसाचं काय झालं
हे मी विचारलं नाही, तिने कॉफी ठेवली.
लोणी वितळायला लागलं होतं, पण
दुसऱ्या कडव्यापर्यंत कुणीच उठलं नाही.