पुकारा

निकालाच्या नकलेत माझं नाव चुकलंय:
सरयू ढवले.
शरयूतला श गेला, ढवळेतला ळ गेला
आणि जी उरली तिला
सांवेर रोडच्या कारखान्यापासून
शंभर मीटरच्या आत यायची मनाई आहे.
ही मी नाहीच, असं सांगता येईल का?
चौरसियाजी हसले. मॅडम, इंदूरमध्ये
कुठल्या कागदावर तुमचा ळ शाबूत आहे?
खरंच. रेशनकार्डावर नाही,
लेकीच्या मार्कशीटवरही नाही.

नोटीस गेली लोकमान्य नगरच्या जुन्या पत्त्यावर,
जिथून आम्ही दिवाळीआधीच निघालो.
नव्या भाडेकरूनं ती विजेच्या मीटरमागे खोचून ठेवली,
जपून, असं तो म्हणतो.
पावणेबाराला, ऑर्डरशीटवर लिहिलंय,
तीनदा पुकारा झाला. कोणी हजर नाही.
पावणेबाराला मी सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालत होते.
दोन आत गेले, तिसरा गालावर ओघळला
आणि त्या म्हणाल्या, लक्ष कुठाय तुझं?

एकोणीस वर्षं खोक्यांना पट्ट्या लावल्या मी,
खोकल्याच्या औषधाची खोकी, शंभर-शंभर बाटल्यांची.
हातात कटर असायचाच, जशी बांगडी असते.
कागदावर तो धारदार हत्यार झालाय.
शुक्ला म्हणाला, उद्यापासून नाइट, नाहीतर घरी बसा.
पोरसवदा. साखरपुड्याची अंगठी नवी,
बोलताना सारखी फिरवत होता.
मी हातवारे करून बोलते, आमच्या माहेरी सगळेच बोलतात.
हात वर गेला
आणि हातात तो होता.
शुक्ला मागे सरला. कपातला चहा त्याच्या बुटांवर.
खोटं कशाला बोलू,
तो मागे सरला तेव्हा
मला बरं वाटलं.
एवढंसंच. पट्टी फाटायला लागतो तेवढा वेळ.

हे अपिलात नाही.
अपिलात आहे: नोटीस बजावली नाही, बाजू ऐकली नाही,
आणि अकरा दिवसांच्या उशिराबद्दल माफी,
तिचं प्रतिज्ञापत्र वेगळं, तिकिटं वेगळी.
उशिराची माफी मागायला कायद्यात कलम आहे.
बरं वाटल्याची कुठे मागायची?
ती गोष्ट आपल्यापाशीच ठेवा, चौरसियाजी म्हणाले
आणि फायलीची दोरी आवळली.

शंभर मीटरमध्ये चहाची टपरी येते,
बायका चपला बदलतात तो कडुनिंब येतो,
माझं लॉकर येतं. त्यात माझा डबा आहे, अजून.
भाजी कोणती होती आठवत नाही.
दोन महिन्यांनंतर आठवूही नये.
पीएफच्या कागदांसाठी लेकीला पाठवलं,
मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापाशी उभी राहिले,
पावलं मोजून, वर दहा जास्तीची.

आज कोर्टाच्या गेटवर पोलिसानं
पर्समधला नेलकटर काढून घेतला, चिठ्ठी दिली.
वर व्हरांड्यात एकाच बाकावर जागा होती.
शेजारी शुक्ला.
ज्या कोर्टानं शंभर मीटर सांगितले
त्यानंच आम्हाला दीड हातावर बसवलं.
त्यानं पाय आत घेतले. बूट तेच होते,
डाव्यावर अजून फिकट डाग.
मी दोन्ही हात पर्सवर ठेवले,
त्याला दिसतील असे.
काहीतरी बोलावं असं वाटलं.
भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत राहिलो दोघंही.

मग दारातून शिपाई ओरडला,
सरयू ढवले!
मी उठले. तो दुसऱ्यांदा तोंड उघडणार
तोच म्हटलं, आहे.
आणि कुणी विचारलं नव्हतं तरी,
ढवळे.