बाहेर पडल्याची वेळ

परिपत्रक आलंय: पार्किंगच्या नोंदवह्या 'ड' वर्गात घ्याव्यात.
'ड' म्हणजे एक वर्ष. मग रद्दी, वजन करून,
तीन सह्यांनिशी. तिसरी सही माझी,
पद्मावती मगदूम, कनिष्ठ लिपिक, अभिलेख कक्ष,
सांगलीहून मिरजेकडं जाताना डाव्या हाताला.

गेटवर आता कॅमेरा आहे.
तो नंबरप्लेट वाचतो, तीस दिवस लक्षात ठेवतो
आणि एकतिसाव्या रात्री आपला आपण विसरतो.
त्याला कुणाची सही लागत नाही.

वह्या एक्केचाळीस.
सगळ्या दस्तगीर मुजावरच्या हातच्या.
रेघा ओढायला पट्टी नव्हती त्याच्याकडं,
एसटीचा जुना पास होता, कडक.
वाहन क्रमांक, प्रकार, आत, बाहेर.
एमएच दहा, एमएच दहा, एमएच दहा,
मध्येच एक अकरा, म्हणजे साताऱ्याचे परीक्षक आले असणार.
कोल्हापूरच्या नऊपुढं दर वेळी एक बारीक टिंब.
का, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

कुंभोजकर सरांची लूना रोज दहा-पाचला आत.
मग एका जूनपासून रिक्षा.
मग वाहन क्रमांक: नाही. प्रकार: चालत, काठी घेऊन.
त्यानंतर सर नाहीत, नुसती रिकामी ओळ, दोन दिवस,
सवयीनं सोडलेली.

सतरावी वही उघडत नाही, सोलावी लागते.
पुराचं पाणी इथवर आलं नव्हतं.
ही पावसात भिजली, गेटवर,
बॅटरी दातात धरून तो लिहीत होता तेव्हा.
प्राचार्यांचा आदेश तोंडी होता: गेट उघडं ठेवा.
लेखी काहीच नव्हतं, म्हणून त्यानं लिहिलं.

ट्रॅक्टर, ट्रॉलीत चौदा माणसं.
हातगाडा, वर शिलाई मशीन.
होडी, एक. नंबर नाही. ट्रकवरनं आली.
म्हैस, एक. सोबत रेडकू. आत: पहाटे चार दहा.
मालक आक्काताई खोत, हरिपूर.
प्रकारात आधी सवयीनं 'चारचाकी',
मग खोडून, 'चार पाय'.

पुढं पानोपानी 'बाहेर' भरत जातं.
ट्रॅक्टर सातव्या दिवशी, हातगाडा नवव्या,
होडी, पुन्हा ट्रकवरनं, अकराव्या.
रेडकू तेराव्या दिवशी दुपारी तीनला. एकटं.
म्हशीपुढं कोरं.

आक्काताई आल्या होत्या नंतर, भरपाईच्या कागदासाठी.
म्हैस मेली हे सगळ्यांना माहीत होतं,
वर्कशॉपच्या मागं पुरली तेव्हा पोरंही होती.
पण ती होती, हा कागद कुठंच नव्हता,
गोठा गेला, त्याच्याबरोबर सगळंच गेलं.
मी झेरॉक्स काढली, 'सत्यप्रत' शिक्का मारला,
पार्किंगच्या वहीवर पहिल्यांदाच.
त्यांनी कोऱ्या रकान्यावर अंगठा ठेवला.
"हितं काय लिवायचं असतंय?"
"बाहेर पडल्याची वेळ."
बराच वेळ बघत राहिल्या.
"मग ऱ्हाऊ द्या."

भरपाई मिळाली का, मला माहीत नाही.
ती फाईल आमच्याकडं येत नाही.

आज सकाळी नियम परत वाचले, चष्मा पुसून.
बाब सात: प्रलंबित नोंद असलेली वही नष्ट करू नये.
प्रलंबित म्हणजे काय, ते दिलेलं नाही.
मी शेऱ्यात लिहिलं: वाहन अद्याप आवारात.
खाली सही, तारीख.
साहेबांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं, चहा मागवला.

चाळीस वह्या काट्यावर एकतीस किलो सहाशे भरल्या.
रद्दीवाला म्हणाला, यादीत एक्केचाळीस आहेत की, ताई.
आहेत, म्हटलं.

टेम्पो गेटमधनं गेला. कॅमेऱ्यानं बघितला,
म्हणजे महिनाभर तरी आहे.
मी सतराव्या वहीचं शेवटचं कोरं पान काढलं,
दस्तगीरच्या पासाची सवय नाही, रेघ तिरकीच आली.
वह्या, चाळीस. नंबर नाही.
बाहेर: पावणेपाच.