तीस दिवसांची कचरापेटी

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, माळ्यावर पत्र्याखाली
माझा कॉम्प्युटर.
खाली चोवीस माग.
त्यांचा खटका टेबलाच्या पायांतून वर चढतो
आणि कपातला चहा गोल गोल थरथरत राहतो.
एप्रिलात त्रेचाळीस डिग्री.
मालक म्हणतात, अंबिका, वेबसाइटला जरा थंड रंग दे.

देते.
लॉगिन. पासवर्ड. डावीकडे काळी पट्टी :
पाने, माध्यमे, वापरकर्ते, साधने.
इथं एकदम काही होत नाही,
आधी मसुदा, मग पूर्वावलोकन, मग प्रकाशित करा.
आईला सांगितलं तर ती म्हणाली, विडीचं पण तेच,
पान भिजव, कातर, वळ, दोरा बांध,
आणि चेकरनं बाजूला काढली की मजुरी गेली.
तुझा चेकर कोण?
मीच, म्हटलं.
तिला ते पटलं नाही.

गच्चीवर दोरीला टॉवेल लावून फोटो काढते,
सत्तावीस बाय चोपन्न, गुलाबी, मोरपंखी.
फाइलची नावं : टॉवेल-फायनल,
टॉवेल-फायनल-दोन,
टॉवेल-खरंच-फायनल.
एका फोटोत शेजारच्या साइझिंगची चिमणी येते.
कापली तर किनार पण कापली जाते,
म्हणून राहू दिली.
एका गिऱ्हाइकानं त्याच टॉवेलाच्या दोनशे डझन मागवल्या.

मग तो शनिवार.
एक अपडेट मी दाबलं, नको तेव्हा दाबलं,
आणि साइट पांढरी.
ना मेन्यू ना टॉवेल,
मांड दिलेल्या धोतरासारखं कोरं पान.
होस्टिंगवाला पुण्यात, फोन उचलेना.
मल्लेशम इराबत्ती पाणी प्यायला वर आले होते,
कानात कापसाचा बोळा, पापण्यांवर तंतू.
दारातूनच बघितलं.
म्हणाले, तुटलंय होय? मग मागं जा की.
शेवटी काय जोडलं ते सोड आधी.
त्यांना इंटरनेट म्हणजे नातीचा मोबाइल.
मी फाइल मॅनेजरमधून एकेक जोड सोडत गेले.
चौथी सोडली आणि साइट आली,
चिमणीसकट.

त्या आठवड्यात मी नवीन पान केलं, ‘आमचे कारागीर’.
वर मल्लेशम. एक्केचाळीस वर्षं मागावर.
फोटोला ते पांढरा शर्ट घालून आले,
आणि बटणं लावताना म्हणाले,
तार जोडताना काढ ना, नुसतं उभं राहून काय करू?

सुरतेहून रॅपिअर माग आले.
मार्चअखेर चौदा माणसं हिशेब घेऊन गेली.
मालक वाईट नाहीत. त्यांनी हिशेबाबरोबर चादर पण दिली.
जूनमध्ये म्हणाले, ते पान काढून टाक,
बायर विचारतात, अजून जुनेच माग का तुमचे?
मी काढलं.
दोन क्लिक लागतात.
कचरापेटी तीस दिवस ठेवते, मग स्वतःच रिकामी होते,
त्यासाठी कुणाला सांगावं लागत नाही.

एकोणतिसाव्या दिवशी मी पान परत घेते.
उघडते, एक स्वल्पविराम हलवते,
आणि पुन्हा कचऱ्यात टाकते.
पुन्हा तीस.
असं सात वेळा झालं.
हे कुणाच्या पगारात बसतं मला माहीत नाही.

परवा अशोक चौकात भेटले.
हातात पिशवी, पिशवीत नातीचं दप्तराचं कापड.
म्हणाले, ते माझं पान दिसतंय का अजून?
मी खोटं बोलणार होते.
म्हटलं, दिसत नाही. पण आहे, आत आहे. मसुद्यासारखं.
ते थोडा वेळ गप्प.
मग म्हणाले, म्हणजे तार तुटली नाही.
नुसता माग बंद आहे.
आणि मला रस्ता ओलांडायला लावून
शिवणाऱ्याकडे वळले,
चेन कुठल्या रंगाची घालू, हे त्यांना आधी ठरवायचं होतं.